वेळेवर सुटलेलं विमान

४ मार्च

ती. दादास,

नाही, मी काहीही बनवून सांगत नाहीये. माणूस आला होता. आमच्या सोफ्यावर बसला होता, चहा घेतला, आणखी अर्धा कप मागून घेतला. कंपनीने असा कुणी पाठवलेलाच नाही असं म्हणून तू फोन आपटलास, एवढ्याने तो आला नव्हता असं होत नाही. शि. सा. न. वि. वि. वर लिहायचं राहिलं, ते इथेच समजून घे. नमस्कार आज निम्माच आहे. विनंती मात्र पूर्ण आहे: शेवटपर्यंत वाच.

पत्र का, तर फोन तू आपटतोस आणि मेल तुझी सेक्रेटरी उघडते. मागच्या खेपेला तिने मला कळवलं होतं की सरांनी आपला संदेश पाहिला आहे. सख्ख्या भावाने आपला संदेश पाहिला, हे ऐकून मला किती धन्य वाटलं म्हणून सांगू.

तर तो माणूस. मध्यम उंची, खिशाला दोन पेनं, बोलायला गोड. म्हणाला, कंपनीच्या मासिकातून आलोय. एक एप्रिलला आपले बंधू सर्वोच्च खुर्चीत बसणार, तर त्यांची वाटचाल घरच्यांच्या तोंडून हवी. (एक एप्रिल ही तारीख तू निवडलीस की त्यांनी? हे आपलं सहज.) मीही त्याच कंपनीत काउंटरला बसते, मग नाही कशी म्हणू? मी बोलले. बोलायला लागले की मी कशी बोलते ते तुला माहीत आहे.

सांगितलं की तू सामानाच्या पट्ट्यावर लागलास तेव्हा बाबांचे बूट घालून जायचास, एक माप मोठे, पुढे कापूस कोंबलेला. शेजारपाजारच्यांच्या बॅगा नुसत्या उचलून वजन सांगायचास आणि आपण पैज लावायचो. मग काउंटर, जिथे तू भांडायला आलेल्या माणसाला इतक्या हळू आवाजात उत्तर द्यायचास की ऐकू यावं म्हणून त्यालाच गप्प बसावं लागे. मग ते आडगावातलं स्टेशन, सकाळी एक विमान आणि संध्याकाळी एक, आणि मध्ये तू आणि कुत्री.

आणि मग दाराची गोष्ट. ती तर मी हावभावासकट सांगितली. विमान सुटलं कधी म्हणायचं, तर चाक जागेवरून हललं की. मग तू काय करायचास, ठरल्या मिनिटाला दार लावायचास, ट्रॅक्टरने विमान दहा पावलं मागे ढकलायचास आणि उभं करायचास. पुढे अर्धा तास तिथेच का उभं राहीना, फळ्यावर 'वेळेवर'. हे तू शिकलास कुठे, तर बाबांकडे. गावाला जायचं की सहाच्या ठोक्याला आपल्याला गाडीत कोंबायचे, गाडी फाटकाबाहेर काढायचे, आणि मग आई वीस मिनिटं घरात गॅस, खिडक्या, कुलपं बघत फिरायची. बाबा जन्मभर सांगत राहिले की आम्ही सहाला निघालो. तो माणूस पोट धरून हसला आणि लिहून घेतलं.

हेच तुला फोनवर सांगितलं तर 'दार' म्हटल्याबरोबर तू गप्प. का रे? त्याच दाराने तुला मुख्य कचेरीत नेलं. त्याच दाराच्या बक्षिसाचं चांदीचं विमान तुझ्या कपाटात आहे, आणि वहिनी पाहुण्यांना ते उचलूही देत नाही. मग एकाएकी ते दार झाकायचं का झालं?

आणखी एक. त्याने माझ्या नवऱ्याबद्दल काही विचारलं का, हे तू दोनदा विचारलंस. त्याने एकदाही विचारलं नाही, दादा. विचारलंस ते तूच.

लोभ आहेच. वाढवायचा की कसं, ते उत्तर आल्यावर बघू.

तुझी
ठकू


९ मार्च

चि. सौ. ठकूस,

अ. आ. तुझं पत्र मिळालं. हाताने लिहायची सवय गेली आहे, सह्या सोडल्या तर. अक्षर लागलं नाही तर समज की मी काहीतरी प्रेमाचंच लिहिलं असणार.

फोन मी आपटला नव्हता, मीटिंग सुरू झाली होती. तू लहानपणापासून सुतावरून स्वर्ग गाठतेस. आईची कात्री हरवली की तू आधी मला पकडायचीस, मग पुरावा शोधायचीस. (कात्री तुझ्याच दप्तरात सापडली होती हे मी अजून विसरलेलो नाही.)

आता नीट वाच. त्या माणसाने ओळखपत्र दाखवलं का? तू मागितलंस का? बूट कसले होते? मासिकवाल्यांचे बूट मला माहीत आहेत. जाताना गाडीत बसला की चालत गेला? हसू नकोस. या पातळीला, कुणी खुर्चीत बसायच्या आधी, चार लोक कुदळी घेऊन निघतात. या खुर्चीसाठी माझ्यासमोर जे हिशेबखात्याचे गृहस्थ होते ते फार सभ्य आहेत, मला भेटले की माझ्या तब्येतीची चौकशी करतात. तेवढ्यासाठीच मला त्यांची भीती वाटते.

तेव्हा तो पुन्हा आला तर बूट सांग, बॅगा सांग, कुत्री सांग. दाराचं नको. तू गंमत म्हणून सांगतेस, ऐकणारा गंमत म्हणून घेईल असं नाही. आणि ज्या दिवसाबद्दल आपल्याकडे कुणी बोलत नाही, त्या दिवसाबद्दल तर तोंडाला कुलूप. त्याबद्दल मला तशी चिंता नाही. जावईबापू शब्दाचे पक्के आहेत, त्यांच्याकडून काही निघणार नाही. काळजी वाटते ती तुझी, कारण तुझ्या तोंडाला कडी नाही. माणूस येऊन गेला हेसुद्धा त्यांना सांगू नकोस. उगाच डोक्याला ताप.

दुसरं म्हणजे, मी बऱ्याच दिवसांपासून विचार करत होतो की तू त्या काउंटरवर किती दिवस बसणार. इथे नवीन मुलींना शिकवायचं काम आहे, तुला जमेल. मी बोलून ठेवलं आहे. जावईबापूंसाठीही काहीतरी निघेल. थेट कंपनीत नाही, ते बरं दिसणार नाही, पण विमानतळावर ज्यांची कंत्राटं आहेत त्यांच्याकडे. पार्सलच्या गोदामात त्यांनी किती दिवस काढायचे? मन खातं माझं. इथे या, घर बघू, एकत्र राहू.

शपथविधी नसतो आमच्यात, पण छोटा समारंभ आहे. बाबा येणार आहेत. तूही यायचंस. जावईबापू आले नाहीत तर मी समजून घेईन.

वहिनी आठवण काढते. तब्येतीला जप, आणि पत्र वाचून फाडून टाक. ही सवय चांगली असते.

तुझा
दादा


१४ मार्च

प्रिय वहिनी,

सा. न. या पत्राबद्दल दादाला सांगू नकोस असं मी म्हणणार नाही, कारण मग तू सांगणार नाहीस आणि तुला झोप लागणार नाही. तुला हवं ते कर. पण उत्तर मला दे.

दादाने मला नोकरी देऊ केली आहे. नवऱ्यालाही. तीन वर्षांत या घराकडे त्याने फिरकून पाहिलं नाही, आणि आता घर बघू, एकत्र राहू. एक मासिकवाला चहा प्यायला एवढ्यावरून? खाई त्याला खवखवे. शिवाय तो लिहितो, जावईबापू शब्दाचे पक्के आहेत. कसला शब्द? कुणी कुणाला दिला? मी पत्र फाडलेलं नाही, रोज त्या एका ओळीपाशी जाऊन येते.

तुला तो दिवस मी कधी नीट सांगितलेला नाही. आज सांगते, कारण मला वाटायला लागलंय की तो माझ्याहून तुम्हालाच जास्त माहीत आहे.

मी काउंटरला होते. ड्रॉइंगचे निवृत्त मास्तर आले, गुडघा दुखत होता, मी त्यांना कडेची जागा दिली. ते म्हणाले, लेकीकडे चाललोय, तिचं घर रंगवायचंय, ती म्हणते पांढरा आणि मी म्हणतो नाही. मग आत गेले. दार वेळेवर लागलं. विमान दहा पावलं मागे गेलं आणि थांबलं, कारण पुढच्या विमानतळावर उतरायला जागा नव्हती. उन्हं अशी होती की डांबर बुटाला चिकटत होतं. विमान उभं असताना आतला एसी चालवणारं शेपटीतलं छोटं इंजिन तेव्हा बिघडलेलं होतं. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मला काचेतून एवढंच दिसत होतं की विमान उभं आहे, आणि त्याच्या पोटाखाली माझा नवरा फोन कानाला लावून गोल गोल फिरतोय. त्या दिवशी स्टेशनचा अधिकारी तो होता. चाकाचा जिना त्याच्या शेजारीच होता. एकदा त्याने कठड्यावर हात ठेवला आणि काढून घेतला. मला वाटलं, लोखंड तापलं असेल.

दीड तास. मग दार उघडलं ते मास्तरांना खाली आणायलाच.

चौकशीत त्याने एकच वाक्य सांगितलं, निर्णय माझा होता. मी घरी विचारलं, फोनवर कोण होतं? म्हणाला, कुणी नाही. वहिनी, कुणी नसलेल्या माणसाशी कुणी दीड तास बोलतं का? पण मी तेव्हा उलटा अर्थ लावला. वाटलं, घाबरून फोनचं नाटक करत असणार. तेव्हापासून आमच्यात गॅस, दूध आणि चाव्या एवढंच बोलणं आहे. तो छोट्या खोलीत झोपतो. मास्तरांच्या बायको भाजीवाल्याच्या समोर राहतात, म्हणून मी भाजी लांबून आणते. एवढं सगळं मी एका माणसावर रचलंय. आता मला खालची वीट हलताना दिसतेय.

आता तुझ्याकडे येते. चौकशीच्या आदल्या रविवारी आपण सगळे बाबांकडे होतो. जेवणाआधी तू मला बाहेर काढलंस, पडदे घ्यायला. निळा की राखाडी, राखाडी की निळा, चार दुकानं, शेवटी रिकाम्या हाताने परत. मी वैतागून तुला वेंधळी म्हणाले होते, तू हसलीस. काल खिडकी पुसताना माझ्या डोक्यात आलं, तुझ्या घरात पडदेच नाहीत. सगळ्या खिडक्यांना पट्ट्यांच्या झडपा आहेत, आणि तेव्हाही होत्या.

मला पाच वाजेपर्यंत घराबाहेर कशाला ठेवलं होतं?

मोठी आहेस म्हणून आदर आहे, माझी आहेस म्हणून लोभ. दोन्ही जागेवर राहू देत.

ठकू


१९ मार्च

प्रिय वन्सं,

(वन्सं म्हटलं की तुला राग येतो, म्हणून मुद्दाम. रागावलीस तर निदान हे पत्र घाईत वाचशील.)

आशीर्वाद देण्याएवढी मी मोठी नाही आणि नमस्कार करण्याएवढी लहान नाही, तेव्हा नुसती मिठी.

आधी विनोद ऐक. तुझा तो दोन पेनांचा माणूस खरा निघाला. मासिकाचा अंक आलाय. तुझ्या दादाच्याच कचेरीतल्या प्रसिद्धीवाल्यांनी त्याला पाठवलं होतं. तीन मजले खाली फोन करून विचारलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं. पण ह्यांनी विचारलं नाही. विचारलं तर समोरचा म्हणेल का विचारता, आणि त्याचं उत्तर ह्यांच्याकडे नव्हतं. लेख चांगला आहे. बूट आहेत, कुत्री आहेत, दाराची गोष्ट 'कल्पकता' या मथळ्याखाली चौकटीत आहे. बाबांच्या गाडीसकट. कुणालाही त्यात काहीही दिसणार नाही. हे तो अंक रोज उघडून बघतात, मग मिटून उशीखाली ठेवतात. म्हणजे बघ, ह्यांनी तुला ते पत्र लिहिलंच नसतं तर तू आज नव्या साडीला इस्त्री करत बसली असतीस.

आता पडदे. मला रंग कळत नाहीत असं तुला वाटलं असेल. मला निळा आवडला होता, पहिल्याच दुकानात. पण मला सांगितलेलं होतं की ठकूला पाचपर्यंत आणू नकोस. का, ते सांगितलेलं नव्हतं, आणि मी विचारलं नाही. या घरात मी टिकले ती न विचारण्यावर. हे काही भूषण नाही, सवय आहे.

आपण परत आलो तेव्हा तुझा नवरा भरलेल्या ताटासमोर बसला होता, आठवतं? तू म्हणालीस, अजून जेवला नाहीस? बाबांचा हात त्याच्या पाठीवर होता. बाबा कुणाच्या पाठीवर हात ठेवत नाहीत. परतताना गाडीत हे म्हणाले, ठकूचा नवरा मोठ्या मनाचा माणूस आहे. मी म्हटलं हो. एवढंच. पुढच्या महिन्यात हे उपाध्यक्ष झाले. लोकांनी हार घातले आणि मी फोटोत हसले. तो फोटो दिवाणखान्यात आहे. मी त्याच्यासमोरून जाताना दिवा लावत नाही.

फोनवर कोण होतं हे मी पाहिलेलं नाही. पण त्या दिवशी दुपारी हे घरीच होते, सर्दीमुळे, आणि गॅलरीत फोनवर होते. कंपनीचा फोन टेबलावर होता. हातात होता तो घरचा. मला एकच वाक्य ऐकू आलं, अजून दहा मिनिटं धरा, जावईबापू. मला वाटलं, कुठली तरी गंमत चालली आहे. आपल्याकडे जावईबापू गमतीतच म्हणतात ना.

हे पत्र मी माझ्या हाताने पेटीत टाकतेय. तुझ्या बाबांनी विचारलं तर मी लिहिलं हे कबूल करीन. तुझ्या भावाने विचारलं तर काय करीन, ते आज सांगत नाही.

रागावलीस तरी चालेल, पण अबोला नको. मला या घरात बोलायला तू सोडून कुणी नाही.

तुझी
वहिनी


२२ मार्च

चि. सौ. ठकूस,

अनेक आशीर्वाद. सूनबाईने तुला काय लिहिलं ते तिने मला सांगितलं. दादाला अजून माहीत नाही. त्याच्या कानावर जायच्या आत हे संपवायचं आहे.

तू चिडली असशील. चीड, पण समजून घे. त्या वेळी दोघं एकदम जाणार होते. चौकशीत फोन निघाला असता तर वरचाही गेला असता आणि खालचाही. एका घराचे दोन खांब एका दिवशी पडू देणारा बाप मी नाही. सगळं एकट्यावर घ्याल का, असं मी जावयांना विचारलं, जबरदस्ती केली नाही. म्हटलं, तुम्ही नाही म्हणालात तर नाही. ते म्हणाले, बरं. मग मी त्यांना जेवायला बसवलं. तुला विचारलं नाही, कारण तू काउंटरवर सगळ्यांना सांगितलं असतंस. खोटं म्हण.

दादाने त्या दिवशी तसं का सांगितलं, तर महिनाभर कंपनीचं एकही विमान उशिरा नव्हतं. जाहिरात छापून तयार होती. दार उघडलं की विमान परत जागेवर आलं असं धरतात आणि मग उशिराच. त्यालाही वरून कुणीतरी विचारणार होतं. प्रत्येकाला वर कुणीतरी असतं. मीही नोकरी केली आहे.

मास्तर गेले याचं मला वाईट वाटतं. पण गेलेला माणूस सत्याने परत येत नाही, आणि आहे त्यांचं मात्र जाऊ शकतं. तुझा भाऊ पट्ट्यावरून खुर्चीपर्यंत चढला, ही या घराची एकच गोष्ट आहे जी मी चारचौघांत सांगतो. ती राहू दे.

एकतीसला मी निघतोय. विमान तुमच्याकडे थांबून पुढे जातं, तू तिथे चढ, शेजारची जागा ठेवायला सांगितली आहे. चांगले कपडे कर आणि तोंड हसतं ठेव. जावयांना माझा आशीर्वाद सांग. त्यांनी काही मागितलं तर नाही म्हणू नकोस.

बाबा


२६ मार्च

दादा,

वर काही लिहिलेलं नाही, शोधू नकोस. तीर्थही नाही, स्वरूपही नाही. लहानपणी तुला नुसतं दादा म्हणायचे, तेवढंच उरलंय. ते मी ठेवलंय.

वहिनीचं आणि बाबांचं पत्र मी आज सकाळी नवऱ्यासमोर ठेवलं. तो रात्रपाळीहून येऊन करपलेलं दुधाचं पातेलं घासत होता. हात पुसले, वाचलं, पुन्हा पातेल्याकडे वळला. मी पातेलं काढून घेतलं. तीन वर्षांत आम्ही एकाच भांड्याला हात लावण्याचा तो पहिला प्रसंग असेल.

मग त्याने सांगितलं. की कंपनीच्या लाइनवर फोन केला असता तर सगळं रेकॉर्ड झालं असतं आणि तिथला कुणीही परका माणूस चटकन उघडा म्हणाला असता. पण त्याला वाटलं, आपला मेव्हणाच वर बसलाय, घरच्या नंबरवर विचारू, लवकर होईल. दादा, आपल्या घराने एवढंच शिकवलंय त्याला. दारापर्यंत पोचलं की आधी घरचा माणूस कोण आहे ते बघायचं. तीनदा विचारलं त्याने तुला. आतून विमानातल्या मुली काचेवर हात मारून दाखवत होत्या, तेही सांगितलं. तीनदा तू म्हणालास दहा मिनिटं. तिसऱ्यांदा तू त्याला विचारलंस की ठकू काउंटरवर आहे का, तिला नमस्कार सांगा. माझं नाव तिथे, दादा. मास्तर आत घामाने भिजत होते आणि तू मला नमस्कार पाठवत होतास. तो निरोप मला आज मिळाला.

मी म्हटलं, म्हणजे तू निर्दोष होतास, आणि मी तीन वर्षं तुझ्याशी अशी वागले, आणि तू वागू दिलंस? मला वाटलं तो रडेल. तो रडला नाही, मान हलवली. म्हणाला की दादा दूर होता, मी खाली होतो. जिना माझ्या हाताखाली होता, माझा हात कुणी धरला नव्हता. निर्णय माझा होता हे मी चौकशीत खोटं सांगितलेलं नाही. बाबांनी ताटावर विचारलं तेव्हा मी बरं म्हणालो, ते दादासाठी नाही. मला शिक्षा हवी होती आणि ते ती घरपोच देत होते.

मग म्हणाला, तुला सांगितलं असतं तर तू मला माफ केलं असतंस. ते मला नको होतं.

हे ऐकून मी इतकी भडकले की पातेलं आपटलं. मी काय करणार हे सगळ्यांना माझ्याआधी ठाऊक. बाबांना ठाऊक की मी काउंटरवर ओरडेन, याला ठाऊक की मी माफ करीन, तुला ठाऊक की मी नोकरी घेऊन गप्प बसेन. पडदे बघत फिरणारीच काय ती अडाणी. मी त्याला माफ केलंय की नाही ते मी अजून ठरवलेलं नाही, आणि तुम्ही कुणी ते ठरवायचं नाही.

पण एक मला आज कळलं, आणि तेवढ्यासाठीच हे पत्र. तुम्ही तिघांनी त्या ताटाभोवती बसून सगळ्यांचा विचार केलात. तुझा, त्याचा, घराचा, माझ्या तोंडाचा. मास्तरांच्या बायकोचा कुणी केला नाही. कंपनीने त्यांना जे कळवलं ते गावभर माहीत आहे, की एका अधिकाऱ्याच्या लक्षात आलं नाही. त्या बाई तीन वर्षं असं समजून जगतायत की आपला माणूस कुणाच्या तरी विसरण्यात गेला. त्यांना कुणी सांगितलंच नाही की कुणी विसरलं नव्हतं. आतल्या माणसांबद्दल तीनदा विचारलं गेलं, आणि तीनदा उत्तर दिलं गेलं. सगळ्यांना सगळं लक्षात होतं.

मी त्यांना हे सांगायला चाललेय. आत्ता. फोनवर कोण होतं, कुणाचा कोण, रविवारी कोण कुठे बसलं, मी कुठे होते, सगळं. नाव घेऊन. पुढे त्या वर्तमानपत्रात जातील, कोर्टात जातील की मला उंबऱ्यातूनच घालवून देतील, तो त्यांचा विचार. तुझी खुर्ची राहते की जाते हे आता त्यांच्या हातात आहे. मला वाटतं ते कधीही दुसऱ्या कुणाच्या हातात नव्हतं, आपण उगाच बाबांना विचारत बसलो. तुझी नोकरी नको. बाबांच्या शेजारची जागा दुसऱ्या कुणाला दे, कुणीतरी प्रतीक्षेत असेलच.

वहिनीला यातलं काही विचारू नकोस. तिला जे बोलायचं होतं ते ती बोलली, आणि ते तिने तुझ्याच घरात, तुझ्याच टेबलावर बसून लिहिलं. तेवढी हिंमत मला अजून करून दाखवायची आहे.

हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा माझं सांगून झालेलं असेल. फोन करू नकोस, मी तो बंद करून फ्रिजवर ठेवलाय.

नवऱ्याने जाऊ नकोस म्हटलं नाही. एवढंच विचारलं की कुठला शर्ट घालू. आता तो दारात वाकून बुटाच्या नाड्या बांधतोय, सोडतोय आणि परत बांधतोय. मी त्याला सांगितलंय, माझ्याने थांबवत नाही, तू ये मागून. यायचं असेल तर.

लोभ होता. आहेही, तीच तर अडचण आहे.

ठकू

निघाले.